लॅक्रॉसची कार्डं: महालातल्या एका फ्रेमवाल्याचा अभिप्राय

खेळाडूंची चित्रं छापलेली, पाकिटातून मिळणारी कार्डं जमवून संच पुरा करण्याचं सुख ज्याला हवं आहे, त्याने लॅक्रॉसची कार्डं घ्यावीत. क्रिकेट, बास्केटबॉल, बेसबॉल या तिन्हींत ते सुख आता जवळजवळ संपलं आहे. इथे ते अजून शिल्लक आहे. मात्र चार वर्षांनी विकून पैसे करायचा बेत असेल, तर हा माल तुमच्या कामाचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नागपूरच्या महालात माझं फ्रेमचं दुकान आहे. लग्नाचे फोटो, गजानन महाराज, टेकडीचा गणपती, कुणाची पदवी, हे सगळं माझ्या हाताखालून जातं. त्यामुळे छापलेला कागद हातात आला की खेळाडूआधी माझी नजर कागदाच्या जाडीवर, कडेच्या कापावर आणि शाईवर जाते. लॅक्रॉसची कार्डं माझ्याकडे आली ती भाचीमुळे. ती कॅनडात ब्रॅम्प्टनला असते. "मामा, तुमची हॉकीची कार्डं पुरे झाली, आता हा खेळ बघा," म्हणत तिने पहिली पाकिटं पाठवली.

खेळ थोडक्यात असा: काठीच्या टोकाला जाळी, त्या जाळीत रबरी चेंडू झेलायचा, फेकायचा आणि गोलात मारायचा. मूळ उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी समाजांचा हा खेळ. १९९४ च्या कायद्याने कॅनडाने त्याला आपला उन्हाळी राष्ट्रीय खेळ ठरवलं, बर्फावरची हॉकी हिवाळी. मैदानावर एका बाजूला दहा जण खेळतात. बंदिस्त रिंगणातल्या बॉक्स लॅक्रॉसमध्ये गोलकीपर धरून सहा. नॅशनल लॅक्रॉस लीग, म्हणजे एनएलएल, या बंदिस्त प्रकाराची, आणि तिची कार्डं अपर डेक काढते. हीच कंपनी बर्फावरच्या हॉकीचीही कार्डं काढते, त्यामुळे छपाईत फरक पडत नाही. कागद कडक, कड स्वच्छ, रंग खोल. छोट्या खेळाचा माल म्हणून हात आखडलेला मला कुठे दिसला नाही.

फ्रेमवाल्याला एक गोष्ट लगेच जाणवते. उभ्या चौकटीत हा खेळ फार सुंदर बसतो. काठी उंच धरलेली, अंग वळलेलं, चेंडू जाळीतून सुटायच्या बेतात, आणि चित्राची रेघ खालून वर जाते. क्रिकेटमधला कव्हर ड्राइव्ह आडवा पसरतो. उभ्या कार्डात तो बसवायचा तर बॅट तरी कापावी लागते नाहीतर पाय. लॅक्रॉसमध्ये तशी कापाकापी करावी लागत नाही.

उणीवही तितकीच मोठी आहे. तोंडं दिसत नाहीत. हेल्मेट, त्यावर लोखंडी जाळी, आणि आत कोण आहे ते नाव वाचल्याशिवाय कळत नाही. दुकानात येणारी पोरं कार्ड हातात घेऊन विचारतात, "काका, हा कोण?" बास्केटबॉलच्या कार्डाबद्दल असं कुणी विचारत नाही. अपवाद लाइल थॉम्पसनचा. हेल्मेटमागून लांब वेणी दिसली की तोच. ओनोंडागा समाजाचा हा खेळाडू. २०१४ साली त्याला आणि त्याचा भाऊ माइल्सला अमेरिकेतल्या कॉलेज लॅक्रॉसचा सर्वोच्च टेवाराटन पुरस्कार विभागून मिळाला, आणि आदिवासी समाजातल्या खेळाडूंना तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढच्या वर्षी लाइलने तो एकट्याने घेतला. ज्या लोकांनी हा खेळ जगाला दिला, त्यांच्यातल्या माणसाचं कार्ड माझ्या अल्बमच्या पहिल्या पानावर आहे, आणि ते तिथून हलणार नाही.

चेहरे बघायचे असतील तर शंभर वर्षं मागे जा. १९१० ते १९१२ या काळात कॅनडाच्या इम्पीरियल टोबॅकोने सिगारेटच्या पाकिटांतून लॅक्रॉस खेळाडूंचे तीन संच काढले. संग्राहक त्यांना सी५९, सी६० आणि सी६१ म्हणतात. पहिला शंभर कार्डांचा, दुसरा अठ्ठ्याण्णवचा, तिसरा पन्नासचा. हेल्मेट नाही, जाळी नाही. भांग पाडलेली, मिशा राखलेली माणसं, हातात लाकडी काठी. त्यांत न्यूझी लालोंद आहे. त्याच सुमाराच्या हॉकीच्या सी५५ संचातही तोच आहे. १९५० साली अर्ध्या शतकातला कॅनडाचा सर्वोत्तम लॅक्रॉसपटू म्हणून त्याची निवड झाली. एकाच माणसाची दोन खेळांतली कार्डं शेजारी ठेवली की लॅक्रॉसच्या कार्डाचं खरं मोल कळतं: काळ तोच, माणूस तोच, पण धावतात सगळे हॉकीच्या कार्डामागे.

माझ्याकडे या जुन्या संचांतल्या काही छापील नकला आहेत, नकला म्हणूनच घेतलेल्या. अस्सल म्हणून कुणी विकायला आला तर भिंग लावा. जुन्या लिथो छपाईत, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रात, ठिपके वेडेवाकडे, हाताने टाकल्यासारखे असतात. आजच्या ऑफसेटमध्ये ते सारख्या अंतरावर, फुलासारख्या गोल नक्षीत दिसतात. ही खूण लॅक्रॉसच्याच नव्हे, अशा लिथोवर छापलेल्या कोणत्याही जुन्या कार्डाला चालते.

आता पैशांचं. टॉप्स कंपनीचं १९५२ चं मिकी मँटलचं बेसबॉल कार्ड २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलरला गेलं. हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीच्या, 'ओ-पी-ची' या कंपनीने १९७९ मध्ये काढलेल्या कार्डाची दहापैकी दहा दर्जाची प्रत २०२१ मध्ये ३७.५ लाख डॉलरला. ग्रेट्झ्की लहानपणी लॅक्रॉसही खेळायचा, बरं का. अशा आकड्यांनी त्या खेळांच्या बाजाराचं रूपच पालटलं. पाकीट फोडणारा आता खेळाडू शोधत नाही, मोजकीच छापलेली, क्रमांक घातलेली चमकी प्रत शोधतो. साधं कार्ड बाजूला पडतं. लॅक्रॉसमध्ये साध्या कार्डालाच मान आहे, कारण घेणारे मोजके आणि ते खेळ बघणारे. म्हणूनच इथे अदलाबदल प्रामाणिक होते. पण गिऱ्हाईक मोजकं, म्हणून विकायला गेलात तर दिवसेंदिवस कुणी विचारत नाही. आणि नागपुरात मागवायचं तर कित्येकदा टपाल आणि कस्टम कार्डापेक्षा जड पडतं. एकेक पाकीट मागवू नका, येणाऱ्या माणसाबरोबर आणा.

आपल्याकडची कार्डं मी विसरलेलो नाही. नव्वदीत बिग फनच्या च्युइंगगमसोबत धावा आणि विकेट छापलेली क्रिकेटची कार्डं मिळायची, नंतर टॉप्सचं क्रिकेट ॲटॅक्स आलं. ती खेळायची कार्डं होती, शाळेच्या दप्तरात मळायची, आणि तेच त्यांचं भाग्य होतं. ओळखीच्या चेहऱ्यांचा जो आनंद त्यांत होता, तो लॅक्रॉस नागपूरच्या पोराला देऊ शकत नाही. उमेश यादवचं कार्ड इथल्या पोराच्या हातात दिलं तर त्याचा चेहरा कसा खुलतो, ते मी बघितलं आहे.

सांभाळण्याबद्दल मात्र ऐका, राजेहो, हे माझ्या धंद्यातलं आहे. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि घरोघरी कूलर लागतो. कूलरची हवा ओली. चमकी कार्डाला एका बाजूने फॉइल असतं, ते ओल पीत नाही. मागचा कागद पितो, फुगतो, आणि कार्ड वाकतं. कूलरच्या खोलीत अल्बम ठेवू नका. कार्ड आधी पातळ पिशवीत, मग कडक प्लॅस्टिकच्या टॉपलोडरमध्ये. अल्बमची पानं पीव्हीसीची नकोत, काही वर्षांनी ती चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनची घ्या. फ्रेम करायची असेल तर माउंट, म्हणजे आतला पुठ्ठा, ॲसिड-फ्री लावा, आणि काच कार्डाला टेकू देऊ नका. चमकीपेक्षा साधी कार्डं आपल्या हवेत जास्त टिकतात, आणि लॅक्रॉसमध्ये तीच घ्यायची आहेत.

घ्यायची वेळही हीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं, आणि तिथेच २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी क्रिकेट आणि लॅक्रॉस एकाच यादीत मंजूर झाले. क्रिकेट १९०० नंतर पहिल्यांदा, लॅक्रॉस पदकासाठी १९०८ नंतर पहिल्यांदा, तेही सहा-सहा जणांच्या नव्या प्रकारात. स्पर्धा जवळ आली की लोकांचं लक्ष जाईल आणि आजचा भाव राहील असं मला वाटत नाही. एनएलएलमधल्या बफेलो बँडिट्स संघाच्या डेन स्मिथचं कार्ड आजच घेऊन ठेवा. २०१६ च्या एका मोसमात १३७ गुण करणारा हा माणूस आहे.

माझ्याकडे ते दुबार आहे. बदल्यात मला गोलकीपर हवा, कोणत्याही संघाचा चालेल. कार्डाचे कोपरे मात्र शाबूत असावेत.