पाचारण: धर्मप्रांताचा धर्मगुरू की येशूसंघ?

खानापूर किंवा बेळगाव परिसरातील तरुणाला पाचारणाची, म्हणजे धर्मसेवेसाठी देवाने घातलेल्या हाकेची, चाहूल लागते, तेव्हा आपण धर्मगुरू व्हावे का, या प्रश्नामागोमाग कोणत्या वाटेने, हा प्रश्न येतो. १९५३ साली स्थापन झालेल्या बेळगाव धर्मप्रांताचा (एका बिशपांच्या देखरेखीखालील विभागाचा) धर्मगुरू बिशपांना आज्ञापालनाचे वचन देतो आणि ब्रह्मचर्य स्वीकारतो, पण दारिद्र्याचे व्रत घेत नाही. त्याचे आयुष्य सहसा याच मुलुखात, बाप्तिस्मा, लग्ने आणि अंत्यविधी यांच्या सोबतीने जाते. म्हणून येथे मराठी, कोकणी आणि कन्नड या तिन्ही भाषांत माणसांचे दुःख ऐकता येणे मला फार मोलाचे वाटते.

१५४० साली मान्यता मिळालेल्या येशूसंघात (जेझुइट संघात) मात्र 2 वर्षांच्या नवदीक्षेनंतर, म्हणजे सुरुवातीच्या घडणीच्या काळानंतर, दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही व्रते घेतली जातात, आणि संघ पाठवील तेथे जावे लागते. बेळगावात १८५६ पासून चालत आलेल्या येशूसंघाच्या सेंट पॉल्स शाळेमुळे अनेकांना हा संघ केवळ शिक्षणापुरता वाटतो, हे अपुरे आहे.

निर्णय कसा घ्यावा, याबाबत येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती यांचा एक नियम दोन्ही वाटांना लागू पडतो: मन उजाड, म्हणजे खिन्न आणि प्रार्थनेत कोरडे, झालेले असताना पूर्वीचा निश्चय बदलू नये. घरच्या शेतीची किंवा आईच्या एकटेपणाची काळजी मात्र उजाडपणा समजून झटकू नये. ती आध्यात्मिक मार्गदर्शकापुढे मोकळेपणाने मांडावी. ज्याचा जीव आपल्याच गावच्या माणसांत गुंतलेला आहे, त्याने धर्मप्रांताचा विचार आधी करावा, असे मला मनापासून वाटते.