एसएसीडीच्या आयएसओचं फ्लॅक करताना: आठ महिन्यांनंतरचा अनुभव (आणि त्या एका 'टिक'ची गोष्ट)

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू थोडा डोकं फिरलेल्या माणसाचा आहे. नवख्यांसाठी: एसएसीडी म्हणजे सुपर ऑडिओ सीडी, आयएसओ म्हणजे आख्ख्या डिस्कची एका फाइलमध्ये उतरवलेली प्रत, आणि फ्लॅक म्हणजे आवाजातलं काही न गमावता दाबलेली फाइल. "कुठली सेटिंग ठेवू तेवढं सांग" असं ज्यांचं म्हणणं असेल त्यांनी मधले तीन-चार परिच्छेद वाचून निघून जावं, राग नाही.

सुरुवात झाली एसएसीडीचा प्लेअर गेला तिथून. म्हणजे पूर्ण नाही गेला, तेच तर दुखणं. साधी सीडी टाकली की वाजवायचा, हायब्रिड डिस्क (सीडी आणि एसएसीडी असे दोन्ही लेअर असलेली) टाकली की तिचाही सीडीचाच लेअर वाजवायचा, आणि एसएसीडीचा लेअर निवडला की दोन मिनिटं घुर्र घुर्र करून डिस्कच नाही म्हणायचा. दोन्ही लेअरला लेझर वेगळा लागतो, ७८० नॅनोमीटरचा धडधाकट होता आणि ६५० वाला मेला होता, एवढं मला घरबसल्या कळलं. सर्व्हिसवाल्याला ते कळायला तीन आठवडे लागले, मग "पार्ट आता येत नाही" हे उत्तर आलं आणि तपासणीचे पैसे घेतले ते घेतलेच. मल्टीचॅनल (पाच-सहा स्पीकरचा आवाज) वाजवणारा नवा प्लेअर घ्यायचा विचार केला, किंमत बघितली, विचार सोडला. माझ्याकडे डिस्क आहेत ४१. तेवढ्यासाठी एवढे पैसे घालायचे म्हणजे म्हशीपेक्षा रेडकू मोठं.

आयएसओ कशा काढल्या ते लांबवत नाही. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला एसएसीडीचा लेअर वाचता येत नाही, पण सुरुवातीच्या प्लेस्टेशन ३ वर फर्मवेअर ३.५५ किंवा त्याच्या आधीचं असेल तर जमतं, एका मित्राकडे तसं एक धूळ खात पडलं होतं, दोन शनिवार-रविवार त्याच्याकडे जाऊन बसलो. माझ्याच डिस्क, माझ्यापुरत्या. संपलं.

पहिल्या महिन्यात मी एकदम कर्मठ होतो. एसएसीडी एक्स्ट्रॅक्टने (आयएसओतून ट्रॅक काढणारं टूल) मल्टीचॅनलचे ट्रॅक डीएसएफमध्ये (एसएसीडीचा मूळ एक-बिटी आवाज, म्हणजे डीएसडी, जसाच्या तसा ठेवणारी फाइल) काढायचे, बिटला हात लावायचा नाही, त्याचं पीसीएम (सीडीवर आणि फ्लॅकमध्ये असतो तो डिजिटल प्रकार) करणारे म्हणजे पापी वगैरे. आणि आवाज खरंच मस्त होता, रिसीव्हरला एचडीएमआयने जोडलेला छोटा मीडिया बॉक्स आहे त्यावर सहाही चॅनल वाजत होते, मी खूश. फक्त एक गोष्ट डोक्यात आली नव्हती की आयएसओमधला मल्टीचॅनल भाग डीएसटीने (एसएसीडीचं स्वतःचं कॉम्प्रेशन) दाबलेला असतो आणि डीएसएफमध्ये डीएसटी चालतच नाही, सगळं मोकळं करून लिहावं लागतं. हिशोब करा, २.८२२४ मेगाहर्ट्झ, एक बिट, सहा चॅनल, म्हणजे मिनिटाला १२७ एमबी, तासाला साडेसात जीबीच्या वर. चार जीबीची आयएसओ, आणि तिच्या पोटातला निम्मा ऐवज बाहेर काढला तर दुप्पट जागा. माझी ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क सहा आठवड्यांत लाल पट्टी दाखवायला लागली. नवी घेणार नाही हे मी तेव्हाच ठरवलं, प्लेअर वाचवला तो हार्ड डिस्कवर घालवायला नाही.

पण जागा हा खरा प्रॉब्लेम नव्हता. खरा प्रॉब्लेम होता टिक.

एका रविवारी बीथोव्हनची पाचवी सिम्फनी लावली होती. तिसरी मूव्हमेंट संपताना सगळं अगदी खाली उतरतं, टिंपनी नुसती हलकेच ठोकत राहते, आणि तिथून मध्ये न थांबता चौथीचा धडाका सुरू होतो. ट्रॅक मात्र दोन वेगळे. तर बरोबर त्या सांध्यावर, टिक. मी म्हटलं भास असेल. पुन्हा लावलं. टिक. शेजारी चित्र रंगवत बसलेली माझी मुलगी वर न बघताच म्हणाली, "बाबा, तू सारखं बटण का दाबतोयस?" झालं. त्यानंतर मला संगीत ऐकूच येईना, प्रत्येक ट्रॅकचे शेवटचे दहा सेकंद मी श्वास रोखून टिकची वाट बघायचो. लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये टाळ्यांच्या मध्ये टिक, ऑपेरात बाई सूर धरून उभी आहे तिच्या घशात टिक. बॉक्स बदलून बघितला, केबल बदलली, रिसीव्हर फॅक्टरी रिसेट केला (सगळ्या स्पीकरची अंतरं परत मोजावी लागली, कुणी सांगितलं होतं).

कारण सापडायला अडीच महिने गेले आणि सापडल्यावर मी स्वतःशीच हसलो. एसएसीडीवर ट्रॅक फ्रेमच्या हिशोबात कापलेले असतात, सेकंदाला ७५ फ्रेम, एका फ्रेममध्ये एका चॅनलचे ४७०४ बाइट. डीएसएफला मात्र प्रत्येक चॅनलचे ४०९६ बाइटचे ठरलेले डबे भरायची सवय. आता ट्रॅकच्या फ्रेम बरोबर १२८ च्या पटीत असतील तरच शेवटचा डबा काठोकाठ भरतो, नाहीतर अर्धवट राहतो आणि उरलेल्या जागेत शून्यं कोंबली जातात. म्हणजे १२८ पैकी १२७ वेळा शून्यं आलीच. आणि पीसीएममध्ये शून्य म्हणजे शांतता असते, डीएसडीत नाही! तिथे शांतता म्हणजे शून्य आणि एक समसमान मिसळलेले, नुसती शून्यं म्हणजे स्पीकरचा पडदा पूर्ण एका बाजूला ढकलून धरणं. हे सगळं फार तर साडेअकरा मिलिसेकंद चालतं, पण कानाला तेवढं पुरतं. खरं तर खरे सँपल किती हे फाइलच्या हेडरमध्ये लिहिलेलं असतं आणि शहाणा प्लेअर तिथेच थांबतो. माझ्या बॉक्समधला शहाणा नाही.

यावर औषध त्याच एक्स्ट्रॅक्ट टूलमध्ये होतं. पॅडिंग (म्हणजे ही शून्यं कोंबणं) न करण्याचा पर्याय आहे, तो दिला की उरलेले बाइट पुढच्या ट्रॅकच्या सुरुवातीला ढकलले जातात. पाचवी परत काढली, लावली, सांधा आला आणि गेला. मुलीला मुद्दाम बोलावून ऐकवलं. तिला काही फरक पडला नाही, मला त्या रात्री झोप छान लागली.

इथपर्यंत लिहून हा रिव्ह्यू चार महिन्यांपूर्वीच टाकणार होतो, "डीएसएफ, पॅडिंग बंद, विषय संपला" असं. बरं झालं नाही टाकला, कारण त्यानंतर माझं मत बदललं.

लाल पट्टी तशीच होती ना. शेवटी झक मारत फ्लॅककडे वळलो. पहिल्यांदा हावरटपणाने २४ बिट १७६.४ किलोहर्ट्झ केलं, आणि फाइल्स बघून थक्क, तासाभराच्या सहा चॅनलला सात जीबीच्या वर. मग एवढा उपद्व्याप कशाला? भानगड अशी की डीएसडीतला सगळा नॉइज कानाला ऐकू येणाऱ्या पट्टीतून उचलून वर अल्ट्रासॉनिकमध्ये नेऊन टाकलेला असतो आणि १७६.४ मध्ये तो कचरा जसाच्या तसा येतो. कचरा फ्लॅकने दाबला जात नाही, तो कॉम्प्रेशनला दाद देत नाही. म्हणजे मी हार्ड डिस्कवर वटवाघळांसाठी खरखर साठवत होतो. ३० किलोहर्ट्झच्या आसपास लो-पास (त्याच्या वरचं कापणारा फिल्टर) लावून ८८.२ ला आणलं तर तेच अडीच-तीन जीबीत बसलं. कुणी म्हणेल ९६ का नाही, तर २.८२२४ मेगाहर्ट्झला ८८.२ ने भागलं की बरोबर ३२ येतात, ९६ ने २९.४. फरक ऐकू येतो असा माझा दावा नाही, पण पूर्ण भाग जात असताना अपूर्णांक कोण घेतो.

आणि मग ट्रॅकमागून ट्रॅक बॅचने फ्लॅक केले, पाचवी लावली, आणि टिक परत. आधीपेक्षा बारीक, पण तीच.

खोटं कशाला बोलू, हेडफोन काढून सोफ्यावर आपटले. पॅडिंग तर बंद होतं! पण कन्व्हर्ट करताना प्रत्येक फाइल स्वतंत्र असते, फिल्टरला आधीच्या ट्रॅकमध्ये काय चाललं होतं ते माहीतच नसतं, तो प्रत्येक ट्रॅकला कोऱ्या पाटीने सुरुवात करतो, आणि जिथे आवाज चालूच आहे अशा ठिकाणी कोरी पाटी म्हणजे सांधा दिसणारच. उपाय एकच, ट्रॅक कापून मग कन्व्हर्ट करायचं नाही, आख्खी डिस्क कन्व्हर्ट करून मग कापायची. एक्स्ट्रॅक्टमध्ये एडिट मास्टर म्हणून पर्याय आहे, त्याने पूर्ण मल्टीचॅनल भागाची एकच डीएफएफ (डीएसडीचाच दुसरा फाइल प्रकार) निघते, सोबत क्यू शीट (कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो त्याची यादी) काढायची. त्या एका फाइलचं फ्लॅक करायचं आणि मग क्यूप्रमाणे तुकडे. क्यूमधली वेळही सेकंदाच्या ७५ व्या भागातच लिहिलेली असते, आणि ८८.२ ला असा एक भाग म्हणजे बरोबर ११७६ सँपल, त्यामुळे सुरी कुठेही सँपलच्या मधोमध पडत नाही. हे गणित जुळलं तेव्हा मी खरंच टाळी वाजवली, एकटाच.

यात एक खड्डा आहे तो सांगून ठेवतो, मी पडलोय. आधी मी डीएफएफची वेव्ह (न दाबलेली पीसीएम फाइल) करून मग फ्लॅक करत होतो. ६८ मिनिटांची डिस्क, आणि फ्लॅक निघाली ४५ मिनिटांची, कुठलाही एरर नाही, ऑर्केस्ट्रा मधेच गायब. वेव्हची धाव ४ जीबीपर्यंत, सहा चॅनल २४ बिट ८८.२ ला ती बरोबर ४५ मिनिटांत संपते. मधे वेव्ह नकोच, थेट फ्लॅकमध्ये ओता.

आवाजाच्या पातळीबद्दलही माझं मत बदललं. सुरुवातीला मला फ्लॅक डीएसएफपेक्षा "मोकळं आणि जिवंत" वाटत होतं, तसं मी दोघांना ठासून सांगितलंही होतं. ते शब्द मागे घेतो. एसएसीडीचा शून्य डीबी पीसीएमच्या कमाल पातळीच्या ६ डीबी खाली असतो म्हणून कन्व्हर्टरमध्ये अधिक ६ ची खूण असते, ती मी केली होती, तेवढाच तो जिवंतपणा. वर ट्रंपेटच्या एका जागी आवाज फाटत होता, कारण नियमाप्रमाणे डिस्कवरचे सर्वांत मोठे आवाज (पीक) त्या शून्याच्या वर ३.१ डीबीपर्यंत जाऊ शकतात, म्हणजे ६ वाढवले की काही ठिकाणी डोकं छताला आपटणारच. आता काही वाढवत नाही, रिसीव्हरचा व्हॉल्यूम आहे की. २४ बिटमध्ये ६ डीबी खाली राहिलं तर एक बिट वाया, जाऊ दे.

चॅनलचं थोडक्यात. सगळ्या डिस्क ५.१ नसतात, काही नुसत्या पाच चॅनलच्या असतात, सबवूफरचा चॅनलच नसतो. माझ्या बॉक्सने चौथा चॅनल बघितला आणि आपल्या मनाने सबला दिला, मागचा डावा स्पीकर गप्प आणि कोपऱ्यातून व्हायोलिनचं भूत. अशा डिस्कला मी एक रिकामा चॅनल घालून सहा करतो, फ्लॅकमध्ये शांततेला जागा जवळजवळ लागतच नाही. टॅग शेवटी फ्लॅकलाच लावा, डीएफएफमध्ये त्याचे हाल आहेत. आणि दोनच स्पीकर असतील तर मल्टीचॅनलचं स्टीरिओ करत बसू नका, बहुतेक आयएसओमध्ये स्टीरिओचा भाग वेगळा मिक्स केलेला असतोच, तो काढा.

आयएसओ मात्र मी एकही उडवलेली नाही. उडवायचे होते ते डीएसएफ, ते गेले, लाल पट्टी निळी झाली. ४१ पैकी ४० डिस्क नव्या पद्धतीने करून झाल्यात आणि सगळे सांधे मी कान लावून तपासलेत, हो सगळे.

राहिली एक पियानोची. तिच्या दुसऱ्या ट्रॅकच्या शेवटी अजून टिक येतेय. तीनदा परत केली, फिल्टर बदलला, मग वैतागून आयएसओच थेट फूबारमध्ये (कॉम्प्युटरवरचा प्लेअर) उघडली तर तिथेही तीच टिक. हेडफोन लावून फुल व्हॉल्यूमला ऐकलं. टिकच्या आधी कागद सरकल्याचा बारीक आवाज आहे. बहुतेक कुणीतरी पान उलटताना स्टँडला धक्का लागलाय.