मुंढ्यातला झोळ जिंकला: यूट्यूबच्या 'टेस्ट अँड कम्पेअर'चा अनुभव

मी इचलकरंजीत शिवणक्लास घेते आणि तेच व्हिडिओवरही दाखवते. कापणं-शिवणं माझं, थंबनेल (व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं चित्र) भाच्याचं. त्याचं एकच सूत्र: "मावशी, आ कर, डोळे मोठे कर." मीही करायचे. हातात कात्री आणि चेहरा भूत बघितल्यासारखा!

'मुंढ्यात झोळ का येतो' या व्हिडिओला मात्र मी अडून बसले. मुंढा म्हणजे ब्लाउजला बाही जोडतात तो भाग, आणि झोळ म्हणजे तिथे पडणारा सैल फुगवटा. यूट्यूब स्टुडिओत (चॅनल सांभाळायच्या पानावर) 2024 पासून 'टेस्ट अँड कम्पेअर' या सोयीने एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल लावून तपासता येतात, फक्त त्यासाठी संगणकापुढे बसावं लागतं. एक लावलं भाच्याच्या आवडीचं. दुसऱ्यात तयार ब्लाउज आणि पिवळी अक्षरं. तिसऱ्यात नुसता मुंढा, अगदी जवळून. खिडकीचा उजेड बाजूने घेतला, म्हणून झोळाची सावली पडली. अक्षरं दोनच शब्दांची: 'झोळ का?' तीही डावीकडे, कारण उजव्या खालच्या कोपऱ्यावर व्हिडिओची वेळ येऊन बसते. माझ्या एका जुन्या थंबनेलवर नेमकी ब्लाउजची कटोरीच (छातीवरचा गोल भाग) तिच्याखाली गेली होती.

तिन्ही चित्रं वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवली जातात, दोन आठवड्यांपर्यंत. निकाल लागतो तो क्लिकवर नाही, लोकांनी व्हिडिओ किती वेळ बघितला त्यावर. मला हेच सगळ्यात पटलं. आ वासलेलं तोंड बघून बायका आत येतीलही, पण समोर टेप आणि खडू दिसला की निघून जातील. झोळ बघून जी येते, तिच्या स्वतःच्या ब्लाउजला तोच झोळ असतो. ती टाचणी लावेपर्यंत हलत नाही. अकराव्या दिवशी मुंढा विजेता ठरला. भाचा म्हणाला, "नशीब."

त्याचंही अगदीच चुकत नाही, कारण का जिंकला ते यंत्र सांगत नाही. उजेडामुळे, जवळून काढल्यामुळे, की शब्द कमी म्हणून? फिटिंग बिघडलं तर आम्ही एका वेळी एकच शिवण उसवतो, तसंच इथे करावं म्हणून पुढच्या पाइपिंगच्या व्हिडिओला दोन चित्रं लावली, फरक फक्त रंगाचा. व्हिडिओला प्रेक्षक बेताचे, फरकही इवलासा. दोन आठवडे थांबून निकाल 'अनिर्णित'. म्हणजे लहान चॅनलने फरक ठसठशीत ठेवावा, नाहीतर हाती काही लागत नाही.

अजून एक. चित्र 1280 × 720 पिक्सेलचं करा. तिन्हींपैकी एक जरी लहान असलं तरी सगळीच 480p या कमी दर्जावर उतरवली जातात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो घालून मी ही चूक करून बसले आहे.

पैसे लागत नाहीत, म्हणून या सोयीला पाचापैकी चार गुण. सध्या पाठीच्या डोरीचा व्हिडिओ लावलाय. भाच्याने परत एक आ वासलेलं पाठवलंय. राहू दे म्हटलं, हरायलाही कुणीतरी लागतं.