खाऱ्या वाऱ्यातला थिंकपॅड टी४२०: दुरुस्तीनंतर एक अख्खा पावसाळा

लेनोव्होचा थिंकपॅड टी४२० हे २०११ सालचं लॅपटॉपचं मॉडेल. माझ्याकडचा एका कचेरीतून निकालात निघालेला आणि पुढे बरीच वर्षं देवगडला आमच्या माळ्यावर पडून असलेला. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर तो दुरुस्तीला घेतला, यंदाचा पावसाळा त्याच्यावर रोज काम केलं, आणि आता दिवाळीच्या तोंडावर हे लिहितोय. कोकणात कुठल्याही यंत्राचं कौतुक पावसाळा उलटल्याशिवाय करू नये, म्हणून थांबलो होतो.

उघडल्यावर आत काय होतं ते आधी सांगतो, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या उपयोगाचं तेच आहे. रॅमच्या झाकणाचे स्क्रू गंजून तांबूस झालेले. फॅनच्या पात्यांवर धूळ नव्हती, धुळीचा चिकट लगदा होता. रॅमच्या सोनेरी पट्ट्या निस्तेज पडलेल्या आणि एका कोपऱ्यात हिरवट थर. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर काढायला मदत करणारा लेप) वाळून नखाने खपली निघावी अशी. चालू केला की ‘फॅन एरर’ असं दाखवून बंद पडायचा. शेजारचे काका बघून म्हणाले, "ह्या डबड्यार कित्याक येळ घालवतंस?" पण मदरबोर्ड शाबूत होता आणि मला तेवढं पुरे होतं.

हे सगळं होतं ते मिठामुळे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात आणि ते फॅनमधून आत ओढले जातात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे बंद पडलेल्या लॅपटॉपच्या बोर्डावर चार महिने खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसलेला असतो. चालू यंत्र गरम राहतं, म्हणून कोरडं राहतं. कपाटात जपून ठेवलेलं यंत्र आधी जातं आणि रोज वापरातलं टिकतं, हे मी यंदा डोळ्यांनी पाहिलं.

दुरुस्तीचं म्हणाल तर हे मॉडेल त्यासाठी फारच चांगलं. लेनोव्होने त्याचं हार्डवेअर मेन्टेनन्स मॅन्युअल फुकट दिलेलं आहे. कुठला भाग कुठल्या क्रमाने काढायचा, कुठला स्क्रू किती लांबीचा, सगळं चित्रांसह. कीबोर्डचे स्क्रू कुठले ते ओळखायला खालच्या बाजूला खूण कोरलेली आहे. बॅटरी बाहेरून खटक्यावर निघते. आजच्या कित्येक पातळ लॅपटॉपांमध्ये रॅम बोर्डालाच डकवलेली असते, इथे दोन स्लॉट आहेत.

गंजलेल्या स्क्रूंना घाई करायची नाही. डोक्यावर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब, रात्रभर थांबायचं, मग नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर दाबून हळू फिरवायचा. माप चुकलं की डोकं खाल्लंच समजा. रॅमच्या पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने पुसल्या, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने. हे अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्या, कमी टक्क्यांच्या बाटलीत उरलेलं पाणी असतं आणि पाणीच तर आपल्याला घालवायचं असतं. फॅन मात्र नवीन मागवला. जुन्याचं बेअरिंग संपलेलं होतं, त्याला तेल पाजून महिनाभर चालला असता. नवी पेस्ट लावल्यावर फरक लगेच कळला. या यंत्रातल्या आय५-२५२०एम प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंशांची आहे. शेजाऱ्याच्या तशाच लॅपटॉपवर, जुन्याच पेस्टसह, व्हिडिओ लावला की तापमान नव्वदी गाठतं. माझा भर मे महिन्यात दुपारीही सत्तरीच्या आसपास राहिला.

हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी (तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान साठवण) टाकली आणि रॅम ८ जीबी केली. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर एसएसडीवर घाला, बाकीचं नंतर. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११च्या अटींत हा प्रोसेसर बसत नाही. मी पहिल्यापासूनच विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ या फुकट प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली, तिला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. बागेचा जमाखर्च, पेट्यांच्या पावत्या, मुलीचा ऑनलाइन क्लास, बँकेची कामं, सगळं विनातक्रार होतं. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कळफलक आतच आहेत. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधली कागदपत्रं मात्र उघडली की अगम्य अक्षरं दिसतात, ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. आणि ज्याचं सगळं काम टॅलीवर आहे त्याने या वाटेला जाऊ नये. टॅली विंडोजवरच चालतं.

यूट्यूबचं एक सांगायलाच हवं. सुरुवातीला व्हिडिओ अडखळायचा आणि फॅन घोंगावायचा. यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ या प्रकारात पाठवतं आणि या चिपला तो प्रकार हार्डवेअरवर सोडवता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ब्राउझरमध्ये एच२६४इफाय हे एक्स्टेंशन टाकलं की व्हिडिओ जुन्या एच.२६४ प्रकारात येतो. तेव्हापासून क्लास चालू असतानाही लॅपटॉप शांत.

वायफायचं कार्ड बदलणाऱ्यांनी सावध राहा. या मॉडेलच्या बायोसमध्ये (यंत्र चालू होताना सगळ्यात आधी धावणारा अंगभूत प्रोग्रॅम) मंजूर कार्डांची यादी आहे. यादीबाहेरचं कार्ड लावलं तर १८०२ क्रमांकाचा एरर देऊन यंत्र पुढे सरकतच नाही. इंटेलचं ६२०५ त्याच काळचं, लेनोव्होचा भाग क्रमांक असलेलं कार्ड चालतं आणि ५ गिगाहर्ट्झही पकडतं.

बॅटरी ही यातली कमकुवत बाजू. कंपनीची नवी बॅटरी मिळणं अवघड, म्हणून सुसंगत म्हणून विकली जाणारी घेतली. सुरुवातीला अडीच तास चालायची, आता जेमतेम दीड. टीएलपी या प्रोग्रॅममधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवल्यापासून घसरण मंदावली आहे. जुलैत लाईट दिवसातून कितीदा जाते ते इकडच्यांना सांगायला नको. तेवढ्या वेळात काम जतन करायला दीड तास भरपूर होतो. विजा चमकायला लागल्या की प्लग काढायचा, हे मात्र चुकवायचं नाही.

स्क्रीन १३६६ बाय ७६८, कडेने बघितलं की रंग फिके पडतात, आणि पडवीत उजेडाला बसून काम होत नाही. यूएसबी सगळे २.०चे, त्यामुळे लग्नाचे व्हिडिओ कॉपी करायला लावून जेवून यावं. वजन दोन किलोंच्या वर. कीबोर्ड मात्र इतका सुरेख आहे की दुसऱ्यावर टाइप करायला आता नको वाटतं.

पावसाळ्यात रात्री मी तो घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवतो, सोबत निळ्या सिलिका जेलच्या पुड्या. ओलावा शोषून त्यांतले दाणे गुलाबी झाले की ते मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा निळे करायचे, त्यासाठी वेगळा तवा ठेवला आहे, तो स्वयंपाकाला वापरायचा नाही. सप्टेंबरअखेर रॅमचं झाकण उघडून बघितलं: पट्ट्या स्वच्छ, स्क्रूंवर गंजाचा ठिपका नाही. फॅनवर थोडा चिकटा आहे. तो पुढच्या मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या आधी साफ करीन. पेस्टला हात लावणार नाही, तापमान अजून चढलेलं नाही.