राक्षसाची अट: ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ जळगावात वापरताना

जळगावात आमच्या घरी दर रविवारी दुपारी पाच जण फासे घेऊन बसतात आणि खेळ चालवण्याची जबाबदारी माझ्याकडे असते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ. त्यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो, आणि त्या पात्रांच्या वाटेत जे कोणी येतील, मग ते गावकरी असोत, चोर असोत की ड्रॅगन, ते सगळे खेळ चालवणाऱ्याने, म्हणजे डीएमने (डन्जन मास्टरने), उभे करायचे असतात. या कामासाठी डीएमच्या हाताशी जे पुस्तक असावे लागते ते म्हणजे ‘मॉन्स्टर मॅन्युअल’. माझ्याकडे खेळाच्या पाचव्या आवृत्तीची, २०१४ सालची प्रत आहे. २०२५ मध्ये या पुस्तकाचे नवे रूप बाजारात आले. पण आमचा खेळ जुन्या नियमांवर चालतो, त्यामुळे येथे जे लिहीत आहे ते जुन्या पुस्तकाविषयी आहे.

पुस्तक ३५२ पानांचे, जाड पुठ्ठ्याचे आणि पूर्ण रंगीत आहे. इंग्रजी वर्णानुक्रमाने एकेक जीव येतो: त्याचे चित्र, त्याचा स्वभाव आणि राहणी सांगणारा मजकूर, आणि चौकटीत आकडे. अंगावरचा वार चुकवण्याची ताकद सांगणारा आर्मर क्लास, जीव किती टिकेल हे सांगणारे हिट पॉइंट, वेग, बळ-बुद्धीसारखे सहा गुण, हल्ल्यांचे प्रकार आणि चॅलेंज रेटिंग. चार जणांच्या गटाने कोणत्या पातळीला पोचल्यावर या जीवाशी झुंज घ्यावी, याचा अंदाज त्या रेटिंगवरून येतो. मात्र रेटिंगनुसार जीवांची यादी या पुस्तकात नाही, ती डीएमसाठीच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. नव्याने खेळ चालवणाऱ्याला नेमकी तीच यादी आधी लागते. मी ती हाताने वहीत उतरवून घेतली आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानाला चिकटवली.

आता या पुस्तकाची खरी ताकद. राक्षस किती मोठा, किती नखांचा, किती दातांचा यावर भीती ठरत नाही. त्याच्या जगण्यामरण्याला कोणती अट आहे, यावर ती ठरते. हे आपल्या गोष्टींना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. राक्षस तलवारीने मरत नाही, कारण त्याचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, आणि एकदा ती अट कळली की गोष्ट लढाईची न राहता शोधाची होते. या पुस्तकातला लिच नेमका तसाच आहे. तो मेलेला, पण मरण नाकारणारा जादूगार असून त्याचा आत्मा एका डबीत जपून ठेवलेला असतो. त्याचा देह नष्ट केला तरी एक ते दहा दिवसांत त्या डबीजवळ नवा देह उभा राहतो. आमच्या गटाने त्याला पहिल्यांदा मारले तेव्हा सगळे आनंदात होते. आठवड्यानंतर तोच पुन्हा समोर आला, तेव्हा माझा भाचा, जो नववीत आहे, एकदम म्हणाला, “मावशी, याचा पोपट कुठंय?” नियम एका अक्षरानेही न सांगता त्याला कळला होता.

ट्रोल नावाच्या दांडग्या राक्षसाचेही तसेच. त्याच्या जखमा दर फेरीला भरून येतात आणि आगीने किंवा आम्लाने पोळल्याशिवाय ते थांबत नाही. रक्तबीजाची कथा ऐकत वाढलेल्या मुलांना हे समजावून द्यावे लागत नाही. वार करण्यापेक्षा वाराच्या परिणामाचा बंदोबस्त आधी करायचा, हे त्यांना आतूनच माहीत असते. आणि ड्रॅगनच्या बाबतीत तर पुस्तक मला फार आवडते, कारण तेथे अट प्राण्याबरोबर जमिनीलाही लागते. मोठा काळा ड्रॅगन जेथे घर करतो तेथून एक मैलाच्या आतले पाण्याचे साठे नासतात, आणि सहा मैलांच्या टापूत झाडी इतकी माजते की चालायला दुप्पट वेळ लागतो. मी असा ड्रॅगन तापीकाठच्या घळींमध्ये ठेवला. गावाची विहीर नासली आहे, एवढेच मी पहिल्या दिवशी सांगितले, आणि अहिराणीत बोलणारा म्हातारा कोळी होऊन खेळाडूंना वाट दाखवली. उन्हाळ्यात पाण्यासाठी काय करावे लागते हे माहीत असलेल्या पाचही जणांना ड्रॅगन दिसण्याच्या आधीच त्याचा राग आला होता.

हे सगळे इतके चांगले असताना ‘राक्षस’ याच नावाच्या पानावर पुस्तक कमी पडते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. हा राक्षस या खेळात १९७७ च्या पहिल्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’पासून आहे. वाघाचे डोके, उंची कपडे आणि २०१४ च्या पुस्तकात उलटे तळहात. हाताची ही कल्पना मला पटली. उलट्या पावलांची हडळ आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा माणसासारखे दिसणारे शरीर एकाच ठिकाणी उलटे असणे किती अस्वस्थ करते हे चित्रकाराला कळले आहे. हवे ते रूप घेणे आणि मनातले ओळखणे हेही बरोबर घेतले आहे. पण तो मुळात नरकातला, ठरलेल्या दुष्टपणाचा जीव केला आहे. आपल्या कथांत हिडिंबा राक्षसी आहे, घटोत्कच तिचा मुलगा आहे आणि बिभीषण राक्षसच आहे. राक्षसांची कुळे असतात, त्यांना नाती असतात, आणि संध्याकाळ झाली की त्यांचे बळ वाढते. पुस्तकातल्या राक्षसाला रात्र आणि दिवस सारखेच. त्याची अट कोणती, तर सज्जन माणसाच्या हातातले भोसकणारे जादूचे शस्त्र. ही अट त्याच्या स्वभावातून येत नाही. कोणीतरी बाहेरून लावल्यासारखी वाटते.

म्हणून आम्ही आमचा राक्षस स्वतः लिहिला, आणि तो लिहिण्यासाठी हेच पुस्तक कामाला आले. एरंडोल म्हणजेच महाभारतातली एकचक्रा नगरी, आणि भीमाने बकासुराला मारले ते पद्मालयाजवळच्या रानात, असे आमच्याकडे मानतात. त्या बकासुराचे आकडे मी हिल जायंट या डोंगरी दैत्याच्या चौकटीतून घेतले, १०५ हिट पॉइंट आणि ५ रेटिंग, कारण तोही पुस्तकात खादाडच दाखवला आहे. अट मात्र महाभारतातली ठेवली: गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस. या मोबदल्यात बक त्या मुलुखाचे बाहेरच्या शत्रूंपासून रक्षण करतो, हेही मूळ कथेतच आहे आणि आपण ते सहसा विसरतो. खेळाडूंना हा करार कळल्यावर सबंध एक रविवार वादात गेला. केळीच्या व्यापारात असलेले आमच्यातले वयाने सर्वांत मोठे काका शेवटपर्यंत एकच विचारत राहिले की, याला मारल्यावर या गावाची राखण कोण करणार. पुस्तकाची चौकट इतकी मोकळी आहे की असा प्रश्न तिच्यात मावतो. तयार राक्षसांपेक्षा मला या चौकटीचे मोल अधिक वाटते, आणि डीएम व्हायचे असेल त्याने पुस्तक त्यासाठी जरूर घ्यावे. इंग्रजी वाचण्याची सवय मात्र हवी, कारण भाषा जुन्या धाटणीची आहे आणि खेळताना तोंडी मराठी करण्याचे काम डीएमलाच करावे लागते.

दुसरे पान आम्ही अश्वत्थाम्याचे लिहायला घेतले. नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत त्याची यात्रा भरते, आणि कपाळावरच्या जखमेसाठी तो अजून तेल मागत सातपुड्यात फिरतो असे लोक सांगतात. त्याचे बळ, त्याची शस्त्रविद्या, त्याचा वेग हे सगळे पुस्तकातल्या मापांनी लिहून झाले. अट म्हणून भाच्याने तेल लिहिले: जो तेल देईल त्याच्यावर तो हात उचलणार नाही. हिट पॉइंटच्या रकान्याशी मात्र आम्ही थांबलो. कृष्णाच्या शापाने त्याला तीन हजार वर्षे मरण नाही, आणि या पुस्तकात असा एकही रकाना नाही की ज्यात न मरणे ही शिक्षा म्हणून लिहिता येईल. तो रकाना आम्ही कोरा ठेवला आहे.