सामूहिक विद्यार्थी-संशोधनासाठी डिजिटल साधने : दीर्घ वापरानंतरचा अनुभव

पदवीच्या विद्यार्थ्यांच्या गटप्रकल्पांसाठी गूगल डॉक्स, झोटेरो आणि एक डिजिटल फलक ही साधने एकत्र वापरण्यास सुरुवात करून आता बरेच महिने झाले आहेत. यांपैकी ज्याची चर्चा सर्वांत कमी होते, त्या झोटेरोचाच उपयोग सर्वाधिक झाला.

२००६ पासून उपलब्ध असलेले हे मुक्तस्रोत साधन मुळात संदर्भांची नोंद ठेवण्यासाठी आहे. परंतु गटाचे सामाईक ग्रंथालय तयार केले, की कोणी कोणता लेख जमा केला, त्यातील कोणत्या ओळी ठळक केल्या आणि कडेला काय टिपले, हे सर्वांना दिसू लागते. एरवी शेवटच्या आठवड्यात उघडकीस येणारे मतभेद त्यामुळे मसुदा लिहिण्यापूर्वीच समोर आले आणि त्यांवरची चर्चा मूळ परिच्छेद समोर ठेवूनच झाली. विनामूल्य साठवण ३०० एमबी एवढीच असते आणि गटातील फाइल्स गटाच्या मालकाच्या वाट्यातून मोजल्या जातात. म्हणून स्कॅन केलेली अख्खी पुस्तके तेथे न ठेवलेली बरी.

गूगल डॉक्समधील आवृत्ती-इतिहास पाहून प्रत्येकाचे योगदान ठरवण्याचा मोह मार्गदर्शकाने टाळावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. एकाने सांगितले आणि दुसऱ्याने टंकले, किंवा मजकूर अन्यत्र लिहून नंतर चिकटवला, तर इतिहासात नाव फक्त टंकणाऱ्याचे उमटते. त्यापेक्षा टिप्पण्या आणि ‘सूचना’ पद्धतीने सुचवलेले बदल वाचले, तर कोणी खरोखर विचार केला आहे हे अधिक नेमके कळते. सर्वांनी एकाच परिच्छेदात एकाच वेळी लिहिणे तांत्रिकदृष्ट्या सहज शक्य असले, तरी त्यातून निघणारे गद्य कोणाचेच नसते; प्रत्येक प्रकरणाला एक लेखक आणि इतरांना केवळ सूचनेचा अधिकार, ही व्यवस्था अधिक उपयोगी ठरली. सर्वेक्षणाची मूळ उत्तरे असलेली शीट मात्र संरक्षित करून विश्लेषण तिच्या प्रतीवरच करावे.

डिजिटल फलक संशोधन-प्रश्नांची वाटणी होईपर्यंत उत्तम चालला. पुढे तो कोणी उघडलाही नाही. त्यावरील मांडणी वेळीच पीडीएफ करून ठेवणे इष्ट, कारण अशी साधने कायमची नसतात : गूगलचा जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीस बंद झाला.