४९,५६० रुपयांत आचाऱ्याचा आचार्य

नीरा उजव्या कालव्यावर मी ३१ वर्षं कालवा निरीक्षक होतो. शेतकरी नमुना ७ चा पाणी अर्ज घेऊन यायचा. त्यात गट नंबर चुकलेला असेल किंवा सही राहिली असेल, तर मी तो तिथंच परत द्यायचो. "वाचून सही करत जा रे" हे किती जणांना ऐकवलं याची मोजदाद नाही. म्हणून पुढं जे झालं त्यावर घरात सगळ्यात जास्त हसली ती माझी बायको, आणि तिचं काही चुकलं नाही.

निवृत्तीनंतर मी पाटाकडेच्या माणसांवर लिहायला घेतलं. पाटकरी, रात्रभर दारं धरणारे गडी, अंधारात पाणी चोरणारे सज्जन, आणि इन्स्पेक्शन बंगल्यावरचे आमचे आचारी. २४ लेख झाले. सगळं मोबाइलवर, गूगल डॉक्समध्ये, निम्मं बोलून आणि निम्मं टाइप करून. मग एके दिवशी फेसबुकवर जाहिरात दिसली : "हस्तलिखित पाठवा, ३० दिवसांत लेखक व्हा." मी पाठवलं. दुसऱ्याच दिवशी एका मुलीचा फोन. "अभिनंदन सर, आमच्या निवड समितीनं तुमचं पुस्तक निवडलंय."

एका रात्रीत समितीनं २४ लेख वाचले कसे, हे मला तेव्हा सुचलं नाही. अभिनंदन म्हटलं की माणसाचं डोकं जरा हलकंच होतं.

सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशी तीन पॅकेजं होती. मी गोल्ड घेतलं. ४२,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४९,५६०. त्यात मांडणी, मुखपृष्ठ, लेखकाला २५ प्रती, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, कॉपीराइट नोंदणी, किंडल म्हणजे अॅमेझॉनवरची ई-पुस्तक आवृत्ती, 'बेस्टसेलर मोहीम' आणि विक्रीवर शंभर टक्के रॉयल्टी. करार इंग्रजीत, नऊ पानांचा, मोबाइलवर आला. मी पहिलं पान वाचलं आणि शेवटच्या पानावर बोटानं सही केली. पैसे भरेपर्यंत ती मुलगी मला सर म्हणत होती. नंतर मी एक तिकीट नंबर झालो.

बिलात आयएसबीएनचे ५,००० लावले होते. भारतात हा क्रमांक फुकट मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी तो देते, अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि लेखक स्वतःच्या नावानंही करू शकतो. पण पाच हजार गेले हे त्यातलं लहान दुखणं. त्या तेरा आकड्यांत ९७८ नंतर भारताचे ८१ किंवा ९३ येतात आणि त्यापुढचे आकडे प्रकाशकाचे असतात. माझ्या पुस्तकावर ते त्यांचे आहेत. उद्या मी हेच पुस्तक दुसरीकडून काढलं तर नवा क्रमांक घ्यावा लागेल. म्हणजे सातबारा त्यांच्या नावावर, आणि शेतसारा मी भरला.

कॉपीराइटचे ६,५०० होते. सरकारी फी साहित्यकृतीला ५०० रुपये आहे, आणि हक्क तर लिहिल्याक्षणी लेखकाचा होतोच, नोंदणी सक्तीची नाही. अर्ज केला की डायरी क्रमांक मिळतो. मी तो मागितला तेव्हा तिकडून तीन आठवडे "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच उत्तर येत राहिलं. अर्ज केलेलाच नव्हता.

आता छपाईकडे येतो, कारण पैशापेक्षा मला तेच जास्त लागलं.

मांडणी झाल्यावर त्यांनी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवली. मी बसमध्ये होतो, सातारा रोडला. चार पानं वरवर बघितली, अक्षर मुंगीएवढं, आणि अंगठा पाठवून दिला. तो अंगठा म्हणजे 'लेखकाची अंतिम मंजुरी' असं करारात लिहिलेलं होतं. महिन्यानं खोकं आलं. पहिली प्रत उघडली ती नेमकी आचाऱ्यांच्या लेखावर, पान ८४. तिथं छापलंय : "आचार्यांनी चुलीत फुंकर घातली आणि साहेबांच्या भाकरी थापायला घेतल्या."

मी लिहिलं होतं 'आचाऱ्यांनी'. मराठीत हा अर्धा र वेगळा आहे. दऱ्या आणि दर्या, आचारी आणि आचार्य, सगळा फरक त्या एका आडव्या लहानशा रेघेत. मी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर सारखंच दिसतं त्या लिपीत, लिहून दिलेलं होतं. त्यांच्या ऑपरेटरनं ते जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बदललं आणि बदलताना प्रत्येक ऱ्य चा रफार झाला. दाऱ्यावर उभा असलेला गडी 'दार्यावर' उभा राहिला, वारा 'वार्यावर' गेला. त्या एका लेखात अकरा ठिकाणी भाकरी, पिठलं, ठेचा करणारे आमचे तात्या शंकराचार्यांच्या पंगतीला जाऊन बसले. दुरुस्ती मागितली, तर दुसऱ्या फेरीचे ३,५०० वेगळे. बरं, मीच दुरुस्त करतो, मांडणीची मूळ फाइल द्या म्हटलं, तर तिचे ८,०००.

कुठल्याही मराठी पुस्तकाची पीडीएफ हातात आली की आधी ऱ्य, ऱ्ह, ळ आणि जोडाक्षरं बघा. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटमध्ये चिकटवून बघा. तिथं इंग्रजी अक्षरांचा काला दिसला तर समजा जुना फॉन्ट वापरलाय. आणि प्रूफ मोबाइलवर वाचू नका हो. झेरॉक्सवाल्याकडे जाऊन कागदावर काढा, पेन हातात घ्या.

शंभर टक्के रॉयल्टीचं गणितही ऐका. छापील किंमत २९९. त्यातले निम्मे, १४९ रुपये ५० पैसे, 'वितरण खर्च'. छपाई १४५. उरले साडेचार रुपये. त्या साडेचार रुपयांच्या शंभर टक्के माझे. खोटं ते काहीच बोलले नव्हते. कशाच्या शंभर टक्के, हा प्रश्न मी विचारायचा होता. गावातल्या छापखानेवाल्यानं नंतर प्रत हातात घेतली, १९२ पानं म्हणजे डेमी आकारात सोळा-सोळा पानांचे बारा फर्मे असं बोटांवर मोजलं, कागद चिमटीत धरून बघितला आणि १४५ चा आकडा ऐकून नुसतं "हं" म्हणाला.

किंडलचं तर विचारू नका. ई-पुस्तक चढवायला तिथं एक पैसा लागत नाही, आयएसबीएनही लागत नाही, त्यांचा स्वतःचा क्रमांक आपोआप मिळतो. स्वतःचा ईमेल, पॅन आणि बँक खातं असलं की झालं. रॉयल्टीचे दर उघड लिहिलेले आहेत, ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर ई-पुस्तक ९० दिवस दुसरीकडे कुठेच ठेवायचं नाही, अशी अट असते. माझं पुस्तक त्यांनी त्यांच्या खात्यावरून चढवलं आणि त्याच अटीत अडकवलं. ९० दिवस संपले की मुदत आपोआप वाढते, ती थांबवायचं बटण त्यांच्याकडे. किती प्रती खपल्या ते मला दिसत नाही, किंमत बदलता येत नाही, पुस्तक खाली उतरवता येत नाही. वर अक्षर मोठं होत नाही, कारण त्यांनी पानांची चित्रंच चढवलीत. माझ्या वयाच्या वाचकानं ते भिंग लावून वाचायचं.

'बेस्टसेलर मोहीम' म्हणजे त्या अटीत जे पाच दिवस पुस्तक फुकट देता येतं, त्यातला एक दिवस. किंमत शून्य केली, कुणी फिरकत नाही अशा वर्गवारीत टाकलं, ओळखीच्यांना उतरवायला सांगितलं. फुकट पुस्तकांची यादी वेगळी असते आणि क्रम दिवसभर बदलत राहतो. दुपारी पहिला नंबर आला, त्याचा स्क्रीनशॉट काढून मला सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र पाठवलं. ते मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं होतं, हेही कबूल करतो.

त्यानंतर आणखी एक फोन आला. राष्ट्रीय साहित्य पुरस्कारासाठी नामांकन, नोंदणी ११,००० रुपये, सोहळा दिल्लीत. "सर, तुमची कादंबरी परीक्षकांना फार आवडली." कादंबरी! तिथं मी वाचलो. माझा नंबर त्यांच्याकडे कुठून गेला ते तुम्हीच ओळखा.

मग वकिलांकडे गेलो. त्यांनी ती नऊ पानं वाचली. हक्क दिल्याचं कलम होतं, पण किती वर्षांसाठी ते लिहिलेलं नव्हतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभर वापरलाच नाही आणि करारात वेगळं काही नसेल, तर तो लेखकाकडे परत येतो. म्हणजे त्यांनी घेऊन न वापरलेले ऑडिओ-पुस्तकाचे हक्क तरी सुटतील. तेवढ्यावर मला त्या दिवशी जेवण गेलं.

मी आधी १९३० ला फोन करणार होतो. वकील म्हणाले, तो नंबर ऑनलाइन पैसे लुटले गेले तर, आणि तोही लगेच करायचा. तुमच्याकडे करार आहे, बिल आहे, पुस्तकही आलंय, ही सेवेतली त्रुटी. त्यामुळे १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार आणि नोटीस. नोटीस गेल्यावर कॉपीराइटचे ६,५०० परत आले, बाकी काही नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केलीय. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, पण दोन वर्षांच्या आत करावी लागते. व्हॉट्सअॅपवरचं सगळं बोलणं मी छापून जोडलं, तो अंगठाही.

दरम्यान २५ प्रती घरात पडून होत्या. तात्यांचा मुलगा एक मागायला आला. त्याच्या हातात तशी कशी द्यायची? लाल पेन घेतलं आणि पान ८४ पासून अकराही रफार खोडून वर ऱ्य काढला. मग बाकीच्या घेतल्या. रोज दोन-तीन, दुपारच्या चहानंतर. २३ झाल्या. उरलेल्या दोन आयोगात दाखवायच्या आहेत, त्या तशाच ठेवल्यात.